सोर्स खोटं बोलतो, तेव्हा

पत्राच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं. पोस्टमन ते तपासत नाही, तो पोचवायचा पत्ता बघतो. इंटरनेटचं पॅकेटही तसंच. सप्टेंबर १९८१मध्ये आयपीचं जे स्वरूप ठरलं, त्यात प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ३२-३२ बिटांचे दोन पत्ते आले: सोर्स आणि डेस्टिनेशन. राउटर डेस्टिनेशन वाचून पॅकेट पुढे पाठवायचे. सोर्स खरा आहे का, हे कुणीच विचारत नव्हतं.

१९८९मध्ये बेल लॅब्जच्या स्टीव्हन बेलोविन यांनी या भाबडेपणातले धोके लिहून दाखवले. तरी १९९४च्या नाताळात सॅन डिएगोमध्ये त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकांवर हल्ला झालाच. त्यांचं एक मशीन आपल्याच सर्व्हरचं म्हणणं पासवर्ड न मागता मानायचं. हल्लेखोराने त्या सर्व्हरला खोट्या विनंत्यांत गुंतवून गप्प केलं आणि सोर्सच्या जागी त्याचाच पत्ता घालून बाहेरून पॅकेट्स पाठवली. उत्तरं त्याला दिसणार नव्हती, म्हणून त्यातले क्रमांक त्याने अंदाजाने ताडले. मशीनने विश्वास ठेवला.

घरातल्याचं नाव सांगणारा माणूस रस्त्याकडच्या दारातून आला होता. हे दार म्हणजे इंटरफेस. पॅकेट कुठल्या इंटरफेसवर आलं, हे फायरवॉलला स्वतःला दिसतं, त्यासाठी पॅकेटवर विसंबावं लागत नाही. पण ब्रेंट चॅपमन यांनी १९९२मध्येच लिहिलं होतं की बरेच राउटर पॅकेट बाहेर पडतानाच तपासतात. तोवर ते कुठल्या दाराने आलं, ही खूण हरवलेली असते.

जानेवारी १९९५मध्ये अमेरिकेतल्या ‘सर्ट’ने इशारा दिला: बाहेरच्या इंटरफेसवर आतला सोर्स घेऊन आलेलं पॅकेट टाकून द्या. बाहेरच्याने बाहेरच्याच दुसऱ्याचं नाव सांगितलं, तर मात्र हा नियम हतबल. म्हणून मे २०००च्या शिफारशीने इंटरनेट पुरवणाऱ्यांनाच सांगितलं, की ग्राहकाकडून निघणाऱ्या पॅकेटवर त्याला दिलेलाच पत्ता आहे ना, हे तिथेच बघा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी हाच १९९५चा नियम मी लावला. ‘इन’ म्हणजे ऑफिसात येणारं, असं समजून तो आतल्या इंटरफेसवर टाकला. पण फायरवॉलच्या भाषेत ‘इन’ म्हणजे त्या इंटरफेसमधून फायरवॉलमध्ये शिरणारं. आतल्या इंटरफेसवर ती ऑफिसमधल्यांचीच पॅकेट्स होती. सगळ्या मजल्याचं नेट बंद!

तेव्हापासून कुठलाही नियम वाचताना मी आधी इंटरफेस बघतो, मग दिशा, आणि सोर्स सगळ्यात शेवटी.