ह्युएन त्संगची राजधानी कुठे होती?

माजरी म्हटले की कोळसा आठवतो. पण माजरी जंक्शनहून चंद्रपूरकडे निघाले की लगेच भांदक, म्हणजे भद्रावती, लागते. तिथल्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. खडकात सुमारे 70 फूट सरळ आत नेलेल्या बोळाच्या टोकाशी बुद्धाची भव्य मूर्ती बसलेली आहे.

इ.स. 639 च्या सुमारास चिनी प्रवासी ह्युएन त्संग दक्षिण कोसल देशात आला. तिथे सुमारे 100 विहार आणि जवळजवळ 10,000 भिक्षू असल्याचे त्याने लिहून ठेवले. आचार्य नागार्जुनाचे वास्तव्यही त्याने याच देशात सांगितले. राजधानीचा घेर 40 ली होता, असे तो म्हणतो. नगराचे नाव मात्र देत नाही. मग ते ओळखायचे कसे?

त्याने दिलेली खूण एवढीच : कलिंगापासून वायव्येस 1800 ली. एका मैलात 6 ली धरले तर हे अंतर 300 मैल, म्हणजे सुमारे 480 किलोमीटर होते. ली अर्धा किलोमीटरचा धरला तर तेच 900 किलोमीटर! शिवाय हे अंतर वळणावळणाच्या वाटेचे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात ही राजधानी चांदा भागात शोधली. त्यातून भांदकचे नाव पुढे आले, वैरागडचेही आले.

आता नकाशा घेऊ. श्रीकाकुळमपासून भांदकपर्यंत रेघ ओढली तर ती पश्चिमेकडे झुकते. छत्तीसगडमधील सिरपूरकडे ओढली तर उत्तरेकडे. नेमकी वायव्य दोन्हींच्या मध्ये राहते! म्हणजे केवळ नकाशावर निकाल लागत नाही. 1950 च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी सिरपूरला उत्खनन केले, तेव्हा विहार आणि शिलालेख मिळाले. त्यामुळे आज बहुतेक अभ्यासकांचा कल सिरपूरकडे आहे.

म्हणून भांदकचे महत्त्व संपत नाही. तिथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 694, म्हणजे इ.स. 772 चा ताम्रपट मिळाला आहे. लेणी तर डोळ्यांसमोर आहेत.

राहिलेली उत्तरे जमिनीत आहेत. या भागातला कोळसा कोट्यवधी वर्षांचा आणि खोल. माणसाच्या वस्तीचे अवशेष वरच्या काही मीटर मातीत. उघड्या खाणीत पहिल्यांदा हीच माती काढली जाते. खापराचा तुकडा कोणत्या थरात, कशाशेजारी होता, यावरून त्याचा काळ कळतो. ढिगाऱ्यात गेलेला तुकडा मुका होतो. शेतात जुनी वीट किंवा खापर दिसले तर उचलण्याआधी जागा टिपून ठेवावी, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना शिकवू या.