रक्तातच नाही!

मराठी मध्यमवर्गात मुलगा हाताबाहेर गेल्याची तीन लक्षणं मानतात. पहिलं, सिगरेट. दुसरं, नाटक. तिसरं म्हणजे "मी नोकरी सोडून धंदा करतो" हे वाक्य. पहिल्या दोहोंतून मुलगा माणसांत परत येऊ शकतो. तिसऱ्यानंतर नातेवाईक त्याच्या आईला भेटायला येतात, तेही आवाज खाली ठेवून.

आमच्या भाच्याने हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, शांतपणे म्हणाले, "आपल्या रक्तातच नाही रे ते. ते गुजराथ्यांचं काम." रक्ताविषयी मेहुणे अधिकाराने बोलतात, दर तीन महिन्यांनी तपासून घेतात.

तेव्हा गुजराथी रक्तही जरा इतिहासात तपासावं म्हटलं. अहमदाबादेत पहिली कापडगिरणी काढली ती रणछोडलाल छोटालाल यांनी. हा गृहस्थ शेठजी नव्हे. नागर ब्राह्मण आणि पेशाने सरकारी नोकर, म्हणजे थोडक्यात आपल्यातलाच! गिरणीची कल्पना त्यांनी मांडली तेव्हा अहमदाबादच्या सावकारांनी थैलीची गाठसुद्धा सैल केली नाही. पुढे लाचेच्या आरोपापायी नोकरी गेली. कसंबसं भांडवल जमलं, तर विलायतेहून निघालेली यंत्रं समुद्रातच गेली. दुसरी मागवली, ती खंबायतेला उतरली. रेल्वे नव्हती, म्हणून बैलगाड्यांवर लादून आणली. तेवढ्यात साहेब इंजिनियर पटकीने वारला. यांतल्या एकेका प्रसंगावर आमच्या घरी तीन पिढ्या "तरी मी सांगत होतो" चाललं असतं! गिरणी १८६१ साली सुरू झाली.

आता आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी. बढतीत डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या दुकानात रमले. १९०३ साली लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष चढतं. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेवटी औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं, कर्जही दिलं, आणि १९१० साली निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी वसली.

म्हणजे दोघेही नोकरदार, दोघांनाही सुरुवातीला कुणी दारात उभं केलं नाही. रक्तगट एकच! फरक पडला तो पुढे. अहमदाबादेत एक धुराडं धूर सोडतंय असं दिसताच शेजाऱ्याने दुसरं उभारलं. ज्या सावकारांनी गाठ सोडली नव्हती त्यांचे भाऊबंद भागीदार झाले. बघताबघता त्या गावाला हिंदुस्थानचं मँचेस्टर म्हणू लागले.

आणि आपण? पैसा देत नाही असं नाही हं! पैसा फंडात माणशी एक पैसा गोळा करून आपण १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. खुद्द टिळकांचा पाठिंबा. पण तो पैसा होता देशासाठी, वर्गणी म्हणून. कारखान्याला दान द्यायला मराठी माणूस एका पायावर तयार असतो. त्याच कारखान्यात नफ्यासाठी पैसे गुंतवायचे म्हटलं की त्याला चोरी केल्यासारखं वाटतं. कुणी श्रीमंत झाला की तिकडे विचारतात, "कसा झाला?" इकडेही हाच प्रश्न विचारतात, फक्त विचारताना एक भुवई वर जाते.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात उद्या कुणी धंद्याचं नाव काढलं तर त्याला सल्ला देऊ नका, त्याचं रक्तही तपासू नका. पहिल्या सहा नांगरांपैकी एक तुम्ही विकत घ्या. रोख पैसे मोजून. आणि "घरचाच आहेस, दोन रुपये कमी कर" एवढं मात्र कृपा करून म्हणू नका.