माहेरचा पत्ता : स्तनकर्करोगाच्या संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी

पालघर तालुक्यातल्या माकुणसारसारख्या गावात एखाद्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला की दोन तर्क हमखास लढवले जातात. कुणी म्हणतं, ‘घराण्यातच असेल’. कुणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे बोट दाखवतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यमापनात तारापूर देशातलं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. शंका रास्तच आहे; पण शंका म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा नोंदींतून उभा राहतो. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ची, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ची. बार्शीकडे स्तनकर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या मानाने बरंच कमी आढळलं, तेव्हा राहणीमानाकडे लक्ष गेलं. मुंबईतच पारशी स्त्रियांत ते इतरांहून अधिक दिसलं. त्यांच्यात लग्नं उशिरा, मुलं कमी. शिवाय सोयरीक समाजातल्या समाजात. मग दोष रक्ताचा मानायचा की राहणीचा? या विषयातली खरी मेख इथेच आहे.

बिघडली तर स्तनकर्करोगाचा धोका वाढवणारी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं १९९४-९५मध्ये हाती आली. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच आजार असा वारशाने आलेला असतो. सदोष जनुक वडिलांकडूनही येतं. म्हणून आई-मावशीइतकीच आत्याची आणि वडिलांच्या आईचीही चौकशी हवी. ती बहुधा राहून जाते.

पर्यावरणाचा प्रश्न काळाशी बांधलेला आहे. हिरोशिमा-नागासाकीत किरणोत्सर्ग झेललेल्या स्त्रियांपैकी ज्या तेव्हा लहान होत्या, त्यांना पुढे धोका सर्वाधिक राहिला. म्हणजे पन्नाशीच्या बाईला विचारायचं ते हे, की न्हाण आलं तेव्हा ती कुठे राहत होती, पाणी कुठलं पीत होती. केसपेपरवर मात्र सासरचा पत्ता असतो, कधी तर मुंबईतल्या नातेवाइकाचा. तेवढ्यावर विसंबून नकाशा रंगवला, तर तारापूरजवळ वाढलेली बाई भलत्याच गावाच्या खात्यावर पडेल, आणि परगावाहून लग्न होऊन आलेली तारापूरच्या.

अशा संशोधनाला वर्षं लागतात. हाताला लागलेली गाठ मात्र आजच दाखवायची, हे मुलाखत घेताना सांगायला विसरू नये. प्रयोगशाळेतलं कसब शिकता येतं. पण वाडवळी, मांगेली किंवा वारली या इथल्या बोलींत एखाद्या आजीला तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलतं करणं इथल्याच मुलामुलींना साधेल. या विषयाला त्यांचीच गरज आहे.