डोंगरांनी राखलेले बेट

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या घरांतील मंडळींना क्रिकेट आठवते. शाळेच्या भूगोलात त्या बेटांच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. मी सातवीपर्यंत शिकले. तेवढ्यात मला तिथल्या उसाखेरीज दुसरे काही भेटले नाही. पुढे वाचनाची गोडी लागली आणि नकाशावर बोट ठेवून दूरचे मुलूख पाहण्याची सवय जडली. त्यातूनच डोमिनिका नावाचे एक हिरवेगार बेट मला सापडले. मी तेथे गेलेली नाही, आणि जाण्याचा योगही दिसत नाही. पण तेथे जाणारे प्रवासी जे धबधबे, जी तळी आणि ज्या रानवाटा पाहून येतात, त्यांच्या पोटात मोठा इतिहास दडलेला आहे. तो आपल्या मंडळाच्या भगिनींना सांगावा असे वाटले, म्हणून हा लेख.

प्रथम एक घोटाळा दूर करते. डोमिनिकन रिपब्लिक म्हणून जो मोठा देश आहे, तो वेगळा. डोमिनिका हे ग्वादेलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधले लहानसे बेट आहे. लांबी सुमारे २९ मैल, रुंदी १६ मैल. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढा मुलूख. वस्ती सुमारे ७० हजार. पण एवढ्याशा जागेत डोंगर किती! सर्वांत उंच शिखर मोर्न डायाब्लोटिन्स १,४४७ मीटर आहे. आपल्या कळसूबाईहून अवघे २०० मीटर ठेंगणे. समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात आणि धो धो पाऊस पडतो. वर्षाला जितके दिवस तितक्या आमच्या नद्या, असे तेथील लोक अभिमानाने म्हणतात.

कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीत ३ नोव्हेंबर १४९३ रोजी या बेटाजवळून गेला. तो वार रविवार होता, म्हणून त्याने लॅटिनमधील रविवारचेच नाव बेटाला देऊन टाकले. बेट कसे आहे असे पुढे राजाराणीने विचारले, तेव्हा त्याने एक कागद हातात चुरगाळून त्यांच्यापुढे ठेवला, अशी गोष्ट सांगतात. मात्र बेटाला नाव नव्हते असे थोडेच होते! तेथे कालिनागो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि ते आपल्या भूमीला ‘वाइतुकुबुली’ म्हणत. त्याचा अर्थ ‘तिची काया उंच आहे’. भूमीला बाईमाणूस मानणारे लोक केवळ आपणच नव्हे, हे वाचून मला फार बरे वाटले.

आता मुख्य प्रश्न असा, की शेजारच्या बेटांवरील रान तुटून तेथे उसाचे मळे झाले, मग डोमिनिकाचेच रान का राहिले? उत्तर त्या चुरगाळलेल्या कागदात आहे. उसाला सपाट जमीन हवी. येथे कडे, दऱ्या आणि घळी. इंग्रज आणि फ्रेंच या बेटासाठी भांडत राहिले. १७४८ च्या तहात त्यांनी ते कालिनागोंसाठी मोकळे सोडायचे ठरवले, आणि १७६३ च्या तहात ते इंग्रजांनी घेतले. १७७८ मध्ये फ्रेंचांनी ते जिंकले. १७८३ मध्ये ते परत इंग्रजांकडे आले. गोऱ्यांनी किनाऱ्याला आणि दऱ्यांच्या तोंडाशी कॉफीचे व उसाचे मळे केले, आफ्रिकेतून माणसे धरून आणून त्यांत जुंपली. पण आतला डोंगर काही त्यांच्या हाती लागला नाही. डोंगराने रान राखले आणि रानाने माणसे राखली.

ही माणसे कोण ते सांगते. मळ्यांतून पळून जे गुलाम रानात गेले, त्यांना ‘मरून’ म्हणत. हा शब्द आपल्या मरणाशी संबंधित नाही. तो मूळचा स्पॅनिश आहे. जगण्यासाठी पळालेल्यांना हे नाव मिळावे, हा भाषेचा एक विचित्र योगायोग म्हणायचा. बेटाच्या मध्यभागी लायू नदीच्या खोऱ्यात कड्यावर उंच उंच पायऱ्या खोदलेल्या आहेत. त्यांना जॅकोच्या पायऱ्या म्हणतात. आज हौशी प्रवासी नदी ओलांडून, हाताचा आधार घेत त्या चढतात आणि वर पोचल्यावर दमून बसतात. ती चढण दमवण्यासाठीच होती! वर मरूनांची वस्ती होती. शिपायांची तुकडी आली तरी तिला एकामागून एक, धापा टाकीत वर यावे लागे. या वस्त्यांत बायका होत्या, मुले होती, कंदमुळांची लागवड होती. थोडक्यात, तेथे संसार होते.

बाला नावाचा मरूनांचा एक नायक १७८६ मध्ये पकडला गेला. जॅको मात्र चाळीसहून अधिक वर्षे रानात राहिला असे सांगतात. पुढे एन्स्ली नावाच्या इंग्रज गव्हर्नराने मरूनांना निपटून काढण्याची मोहीम काढली आणि बायामुलांनाही दया दाखवू नये अशी आज्ञा दिली. १८१४ च्या जुलैत जॅको लढता लढता मारला गेला. त्या आज्ञेबद्दल विलायतेत त्या गव्हर्नराला जाब द्यावा लागला, पण मेलेली माणसे त्याने परत येत नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली ती १ ऑगस्ट १८३४ रोजी, आणि खरी सुटका व्हायला १८३८ साल उजाडले.

उत्तरेस पोर्ट्समथ गावाजवळ इंडियन रिव्हर नावाची नदी आहे. हे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाच्या चुकीमुळे ज्यांना इंडियन म्हटले गेले, ते कालिनागो. या नदीत यंत्राची नाव नेत नाहीत, वल्ह्यांनीच जायचे. दोन्ही काठांवरच्या झाडांची मुळे फळ्यांसारखी उभी राहून पाण्यात उतरलेली आहेत आणि वर फांद्यांचे छत आहे. शेजारीच कॅब्रिट्सचे भूशिर आहे. खलाशांनी वाटेत मांस मिळावे म्हणून येथे बकऱ्या सोडून ठेवल्या होत्या, त्यावरून हे नाव पडले. त्या टेकाडावर इंग्रजांचा फोर्ट शर्ली हा किल्ला आहे.

या किल्ल्यात एप्रिल १८०२ मध्ये आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या शिपायांनी बंड केले. हे शिपाई आफ्रिकेतून आणलेले गुलामच होते. त्यांना दलदल साफ करण्याच्या कामाला लावले होते आणि आपल्याला आता मळ्यात विकणार अशी धास्ती त्यांनी घेतली होती. तीन दिवस किल्ला त्यांच्या ताब्यात राहिला. मग बंड मोडले आणि शिक्षा झाल्या. पण १८०७ मध्ये इंग्रज सैन्यातील सर्व गुलाम शिपाई मुक्त झाले, आणि त्यात या बंडाचा वाटा होता असे इतिहासकार मानतात. पुढे किल्ला ओस पडला आणि झाडांनी गिळला. लेनॉक्स हनीचर्च या तेथील इतिहासकाराच्या पुढाकाराने तो रानातून मोकळा करून दुरुस्त करण्यात आला.

दक्षिणेकडे राजधानी रोझोजवळ ट्रफाल्गरचे दोन धबधबे आहेत. लोक उंच धबधब्याला ‘बाप’ म्हणतात आणि शेजारच्या रुंद धबधब्याला ‘आई’. थंड पाण्याच्या शेजारी तेथे गंधकाचे कढत झरेही वाहतात. याचे कारण वर डोंगरात आहे. लोडा गावापासून पाऊलवाटेने जाऊन परत येण्यास सहासात तास लागतील अशा जागी एक उकळते तळे आहे. सुमारे २०० फूट रुंदीचे करडे पाणी, त्यातून सतत वाफा, आणि मध्यभागी आधणासारखी उकळी. भूगर्भातील तप्त रसाची वाफ आणि वायू फटींतून वर येतात, त्यांच्यावर पावसाचे पाणी साठते, म्हणून ते उकळते. १८७० मध्ये वॉट आणि निकोल्स या दोघांनी याची पहिली हकीकत लिहिली. २००४ च्या डिसेंबरात हे तळे आटले आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरून उकळू लागले. हा सारा डोंगरी भाग १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला गेला, आणि १९९७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले.

पूर्व किनाऱ्यावर कालिनागोंची स्वतःची भूमी आहे. सुमारे ३,७०० एकरांची ही जागा १९०३ मध्ये हेस्केथ बेल या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी राखून ठेवली. संपूर्ण बेट ज्यांचे होते, त्यांना एक कोपरा मिळाला! पण तो त्यांनी जपला. ही जमीन सगळ्यांची सामाईक आहे. कोणालाही ती विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. गोरे लोक त्यांना ‘कॅरिब’ म्हणत, आणि नरभक्षकासाठीचा इंग्रजी शब्दही त्याच नावावरून निघाला. म्हणून २०१५ मध्ये सरकारदरबारी ते नाव बदलून ‘कालिनागो’ असे करण्यात आले. तेथे लाव्ह्याची एक लांब पायरीवजा रांग समुद्रातून वर आलेली आहे. एक महासर्प समुद्रातून त्या वाटेने जमिनीवर आला, अशी त्यांची कथा आहे.

त्यांची हस्तकला पाहण्यासारखी असते. एका जातीच्या वेताच्या पट्ट्या काढून ते दुहेरी विणीच्या टोपल्या करतात आणि दोन विणींच्या मध्ये पाने घालतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. कसावाचा कंद किसून, पिळून, त्याची भाकरी भाजतात. हा कंद आपल्याला अनोळखी नाही. आपला एकादशीचा साबुदाणा याच कंदाचा. तो मूळचा त्यांच्याकडचा, अमेरिकेतला. उलट आपल्या परसातले अळू त्यांच्याकडे गेले. अळूच्या पानांचे ‘कॅलालू’ नावाचे दाट सूप २०१३ पासून डोमिनिकाचे राष्ट्रीय अन्न आहे. कोकणातल्या भगिनींना ठाऊक असलेला नीरफणस तेथे घरोघर खातात. सणासुदीला तिथल्या बायका डोक्याला जे चौकडीचे फडके बांधतात, त्याला मद्रास असेच म्हणतात, कारण ते कापड मूळचे मद्रासकडून गेलेले.

या बेटावर बायकांनी मोठी कामे केली आहेत. बेट ३ नोव्हेंबर १९७८ रोजी स्वतंत्र झाले. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९७९ ला, डेव्हिड नावाच्या चक्रीवादळाने ते मोडून टाकले. त्यानंतर १९८० मध्ये कारभार हाती घेतला तो युजेनिया चार्ल्स या वकील बाईंनी. कॅरिबियन देशांतील त्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. १९९५ पर्यंत त्या त्या पदावर होत्या. २०२३ च्या ऑक्टोबरात सिल्व्हनी बर्टन या राष्ट्राध्यक्षा झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कालिनागो. ज्यांच्या पूर्वजांना कोपऱ्यात रेटले, त्यांच्यातील एक लेक साऱ्या बेटाच्या मानाच्या खुर्चीवर बसली.

डेव्हिड वादळात रोझोच्या वनस्पतिउद्यानातील गोरखचिंचेचे प्रचंड झाड एका रिकाम्या बसवर पडले. बस चेपली, पण झाड मेले नाही. आडव्या खोडाला पुन्हा फांद्या फुटल्या, आणि लोकांनी बस तशीच खाली राहू दिली. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया वादळ आले. वारा ताशी २५० किलोमीटरांहून अधिक. बहुतेक घरांची छपरे उडाली, ६५ माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. सकाळी लोकांनी पाहिले तर डोंगरांवर एक पान नव्हते. सारे बेट तपकिरी दिसत होते. काही आठवड्यांनी मात्र बोडक्या खोडांना हिरवे कोंब आले.

२०११ मध्ये या बेटावर सुमारे १८४ किलोमीटरांची पायवाट खुली झाली. दक्षिण टोकापासून कॅब्रिट्सपर्यंत तिचे १४ टप्पे आहेत, आणि नाव बेटाच्या जुन्याच नावावरून, वाइतुकुबुली. ती बरीचशी कालिनागोंच्या आणि मरूनांच्या जुन्या वाटांवरून जाते. एके काळी ज्या वाटेने आई कडेवर मूल घेऊन, मागे न पाहता पळाली असेल, त्याच वाटेने आज लोक पाठीला पिशवी लावून, पाखरे ऐकत चालतात. यात वाईट काही नाही. वाट मोकळी झाली, यासाठीच तर ती माणसे झगडली. फक्त चालणाऱ्याला ती वाट कोणी पाडली हे ठाऊक असावे.

आपले मंडळही दरवर्षी सहलीला जाते. डोंगर चढतो, पाण्यात पाय सोडून बसतो, डबे उघडतो. यापुढे डबे उघडण्यापूर्वी तेथील एखाद्या जाणत्या म्हातारीला विचारूया, की बाई, या जागेचे जुने नाव काय, आणि येथे पूर्वी कोण राहत होते? तिने सांगितलेले वहीत लिहून आणले, तर पुढच्या स्मरणिकेला याहून चांगला लेख मिळेल.