गादी भरून घेण्याचे दिवस

कोल्हापुरात ‘गादी’ म्हटलं की आधी छत्रपतींची गादी आठवते. १७३१ च्या वारणेच्या तहानं साताऱ्याहून वेगळी ठरलेली. शाहूपुरीतली गादी व्यापाऱ्याची. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. अडत दुकानात पांढऱ्या चादरीची गादी, पाठीशी लोड, कोपराखाली तक्क्या. गुळाचा हिशेब तिथंच बसून व्हायचा. ‘मुलगा गादीवर बसायला लागला’ म्हणजे त्यानं पेढी हाती घेतली.

ही बैठक भरून द्यायचा तो पिंजारी. या भागात तो नदाफ आडनावानंही ओळखला जातो. नद्दाफ या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. खांद्यावर लाकडी कमान, तिला ताणलेली आतड्याची तात आणि हातात डमरूच्या आकाराची लाकडी मूठ, एवढंच त्याचं भांडवल. मुठीचा ठोका बसला की तात थरथरे, गुठळीतला तंतू न् तंतू सुटा होई, धूळ खाली झडे आणि कापूस ढगासारखा फुले.

पिंजण्याला अर्थ होता. माणसाच्या वजनानं आणि पावसाळी दमटपणानं कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. तंतूंमधली हवा गेली की गादी टणक लागते. म्हणून गादी टाकून द्यायची नसे. उसवायची, पिंजायची, थोडा नवा कापूस मिसळून पुन्हा भरायची. पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ, दाभणानं घातलेले टाके आणि वळवून शिवलेली कड.

निवड व्हायची ती आतल्या मालाची. घरातली जाणती बाई कापूस मुठीत दाबून सोडायची. तो परत फुलला तर चांगला. बोटांना सरकी किंवा कचरा लागला तर नापसंत. किती किलो भरायचा, हे झोपणाऱ्याचं वजन पाहून ठरे. उशीसाठी सावरीचा कापूस उत्तम. तो हलका आणि रेशमासारखा, पण आखूड तंतूंचा, म्हणून गादीला टिकत नाही. हे शहाणपण कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. गादी डोळ्यांसमोर भरली जायची, त्यामुळं ते घरोघर मुरलं होतं.

मग तयार गाद्या आल्या. १९६२ मध्ये कर्नाटकात सुरू झालेल्या कर्लऑननं रबर लावलेल्या काथ्याची गादी घरोघरी नेली, पाठोपाठ फोम आला. खोळीच्या आत काय आहे, ते गिऱ्हाइकाला दिसेनासं झालं. त्याच सुमारास ‘पाठ दुखते? फळीवर झोपा’ हा सल्लाही सर्रास मिळे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला अभ्यास छापून आला. जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा गुण जास्त आला. खांदा आणि कंबर थोडी रुतावी, पण मधोमध खड्डा पडू नये. नव्यानं पिंजलेली, वजन पाहून भरलेली कापसाची गादीही साधारण हेच देत असे.

हातातली कमान आता क्वचित दिसते, पिंजायला यंत्र आलं. तरी लग्नातली गादी मोडायला मन होत नाही, अशी घरं आहेत. तिचा कापूस यंत्रातून काढतात, नव्या खोळीत भरतात आणि उरलेल्यातून पाहुण्यांसाठी दोन उशा करून घेतात.