बाळाची स्वच्छतेची संवय : केव्हां लावावी?

आजचा विषय ऐकून कांहीं श्रोते किंचित् संकोचतील. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें डोळ्यांपुढें येतात; बाळाच्या शी-शूलाही इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या गोष्टीनें घरोघरच्या आयांच्या दिवसांतले कित्येक तास खाल्ले, आणि जिच्यावरून सासूसुनांत आजही बोलाचाली होते, तिचा इतिहास अगदींच उपेक्षणीय मानतां येणार नाहीं.

वऱ्हाडांतील मंगरूळपीरचें उदाहरण घेऊं. हयात कलंदर यांच्या दर्ग्यासाठीं प्रसिद्ध असलेलें हें तालुक्याचें गांव पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९९८ पासून तें वाशिम जिल्ह्यांत आहे. अशा गांवांतील जुन्या घरांत "मूल तयार झालें कीं नाहीं?" हा प्रश्न कोणी विचारीतच नसे. मूल दोन-चार महिन्यांचें झालें, मान धरूं लागलें, कीं आजी पाय लांब करून बसे, पावलांवर नातवाला टेकवी आणि तोंडानें 'शू शू' असा आवाज करी. दूध पाजल्यावर एकदां, झोपेंतून उठल्यावर एकदां. चेहऱ्यावरची एक विशिष्ट आठी तिला ओळखतां येई. जुन्या लुगड्याचीं मऊ बाळुतीं, सारवलेली जमीन आणि रांगत्या मुलाच्या आंगांत केवळ एक झबलें, एवढ्या सरंजामांत चूक झाली तरी तिची किंमत फारशी नसे. शिवाय घरांत आत्या, काकू, थोरल्या बहिणी असत. मुलाला संवय लागली ती अमुक दिवशीं, असें कोणालाही सांगतां आलें नसतें.

खरें बोलावयाचें तर त्या महिन्यांत संवय लागलेली असे ती मुलाला नव्हे, आजीला! परंतु तीही कांहीं लहान विद्या नव्हती.

आपल्या वैद्यकाची दृष्टि याहून वेगळी नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत बालकाच्या खोलीचें वर्णन आहे. मलमूत्रानें खराब झालेलें अंथरूण टाकून द्यावें. दुसरें नसेल तर तेंच नीट धुऊन, वाळवून, धुरी देऊन वापरावें, असें तेथें सांगितलें आहे. त्याच ठिकाणीं आणखी एक मोलाचा इशारा आहे : मूल रडलें किंवा ऐकेनासें झालें तरी त्याला राक्षस-पिशाचांचें भय घालूं नये. शिवाय त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत मलमूत्रादि वेग अडवूं नयेत हें सांगण्यासाठीं एक स्वतंत्र अध्यायच खर्ची पडला आहे. हे तीनही मुद्दे पुढें कामाला येतील. म्हणून ध्यानांत असूं द्यावे.

आतां क्षणभर वऱ्हाड सोडून अमेरिकेकडे वळूं. कारण आजच्या शहरी आईच्या हातीं पडणारा सल्ला बहुधा तिकडूनच आलेला असतो. तेथील सरकारच्या बालककार्यालयानें १९१४ सालीं मातांसाठीं एक पुस्तिका काढली. तींत तिसऱ्या महिन्यापासून, किंवा त्याही आधीं, शौचाची संवय लावण्यास आरंभ करावा असें लिहिलें होतें. पुढील आवृत्त्या अधिकच कडक झाल्या. सहा ते आठ महिन्यांत काम संपलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वरवर पाहतां हें आजीच्याच पद्धतीसारखें दिसेल. भेद इतकाच, कीं आजी मुलाच्या चेहऱ्याकडे पाही आणि पुस्तिका घड्याळाकडे पाहण्यास सांगे. घड्याळाप्रमाणें मुलाचें पोट चालत नाहीं. त्यामुळें अनेक घरांत रोजचा तंटा सुरू झाला.

त्या तंट्याची परीक्षा मर्टल मॅक्ग्रॉ या संशोधिकेनें केली. तिनें जुळीं मुलें निवडलीं. एकाला पहिल्या महिन्यांपासून वारंवार भांड्यावर बसविलें, दुसऱ्याला बऱ्याच उशिरां. १९४० सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कष्टाळू मातांना निराश करणारा होता : उशिरां आरंभ केलेल्या भावानें थोडक्या अवकाशांत पहिल्याला गांठलें. मज्जातंतु परिपक्व होण्याआधीं केलेला आटापिटा मुलाला फारसा पुढें नेत नाहीं. पुढें १९६२ सालीं बेरी ब्रॅझल्टन या बालवैद्यानें १,१७० मुलांचा अनुभव मांडला. सुमारें दीड वर्षानंतर, मुलाचा कल पाहून, सक्ती न करतां आरंभ केल्यास दिवसाचा ताबा सरासरीनें साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास येतो, असें त्याला आढळलें. मात्र त्याच सुमारास टाकाऊ डायपर बाजारांत आले होते. धुण्याचा त्रास संपला कीं थांबण्याचें धैर्य आपोआप येतें, हेंही विसरतां कामा नये.

१९७७ सालीं पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांविषयीं एक लेख आला. तेथें माता पहिल्या आठवड्यांपासूनच मुलाला पायांवर धरून खूण करतात आणि पांचसहा महिन्यांत मूल त्या खुणेला साथ देतें. वऱ्हाडच्या आजीला त्यांत नवल वाटलें नसतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र आईच्या खुणेला साथ देणें वेगळें. स्वतः जाणीव होणें, थोपवून धरणें, सांगणें आणि जाऊन बसणें हें वेगळें. पहिल्यासाठीं मुलापाशीं सतत बसणारें माणूस लागतें, दुसऱ्यासाठीं मुलाचें वय.

महाराष्ट्रांत या विचाराला वळण दिलें तें ताराबाई मोडक यांनीं. विवाहानंतर त्या कांहीं वर्षें आपल्या वऱ्हाडांतच, अमरावतीस होत्या. पुढें भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनीं बालशिक्षणाचें कार्य केलें, आणि १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस खेड्यांतल्या मुलांसाठीं केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. मुलाला मार नको, धाक नको आणि लालूचही नको, हा त्यांचा बाणा होता. मूल शाळेंत येईना तर शाळाच त्याच्या अंगणांत नेली, आणि 'अंगणवाडी' ही कल्पना रूढ झाली. स्वच्छता ही तेथें शिक्षा नव्हती, दिनक्रमाचा भाग होती.

आज मंगरूळपीरचीच नात पुण्याच्या दोन खोल्यांत मूल वाढविते. आजी दूर, नोकरी आठ तासांची, आणि बालवाडीची अट अशी कीं तिसऱ्या वर्षीं मूल कोरडें हवें. तिनें तारीख न पाहतां मुलाला पाहावें. दोन तास लंगोट कोरडा राहतो कां? मूल स्वतः चालत जाऊन स्थिर बसतें कां? चड्डी खालीं ओढूं लागलें कां? ओलें झाल्याचें त्याला टोंचतें, तें कोपऱ्यांत जाऊन उभें राहतें किंवा एखाद्या शब्दानें सांगतें कां? हीं लक्षणें बहुधा दीड ते अडीच वर्षांत दिसूं लागतात. कांहींत तिसरें वर्षही उलटतें. धाकटें भावंड नुकतेंच आलें असेल, घर बदललें असेल किंवा मूल आजारी असेल, तर कांहीं आठवडे खुशाल थांबावें.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे चारचौघांत लाजविणें. भ्यालेलें मूल शौच दाबून धरतें. मळ घट्ट होतो, दुखतो, म्हणून तें अधिकच दाबतें. चरकानें भय आणि वेगधारण या दोहोंविरुद्ध बजावलें होतें तें हेंच. असें झाल्यास शिकवणें थांबवून डॉक्टरांकडे जावें. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज मात्र चुकीचा आहे. ती संडासांतच टाकावी व साबणानें हात धुवावे.

रात्रीचा ताबा मागाहून येतो. पांच वर्षांपर्यंत अंथरूण ओलें झालें तर रागावण्याचें कारण नाहीं. आणि उंच भांड्यावर मूल बसवावयाचें तर पायांखालीं एक पाट द्यावा. पाय लोंबकळत असतां त्याला नीट जोर करतां येत नाहीं.