कसाबच्या मनगटावरचा धागा : संशय घ्यावा, पण कसा?



गेल्या आठवड्यात पीएच.डी. प्रवेशासाठी आराखडा लिहिणारा एक ज्युनियर मला भेटायला आला. विषय ठरवूनच आला होता : 'मुंबई हल्ल्याचे खरे सूत्रधार'. बसल्या बसल्या त्याने मोबाईलवर तो फोटो दाखवला, जो आपण सगळ्यांनी पाहिलाय. सीएसटी स्टेशन, पाठीवर सॅक, हातात एके-४७ आणि मनगटावर रंगीत धागा. म्हणाला, "दादा, लष्कर-ए-तैयबाचा माणूस हातात देवळातला धागा कशाला बांधेल?"

मी हसलो नाही. कारण बी.ए.ला असताना याच धाग्यावरून मी स्वतः वर्गात भांडलोय. तेव्हा मला वाटायचं की सगळे झोपलेत आणि आपण एकटे जागे आहोत. ही भावना फार गोड असते. संशोधनात तीच सगळ्यात जास्त नडते.

तर आज २६/११ बद्दलच्या कट-सिद्धान्तांची तपासणी कशी करायची ते बघू.

आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडा

खोडून काढायच्या आधी दावा प्रामाणिकपणे मांडता आला पाहिजे. तो करणाऱ्याने "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हटलं पाहिजे.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट झाला. त्याचा तपास एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे करत होते. हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित लोकांना अटक झाली होती आणि करकरेंवर जोरदार टीका चालू होती. दोन महिनेही झाले नव्हते, तोच २६ नोव्हेंबरच्या रात्री ते मारले गेले. माजी पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांचं 'हू किल्ड करकरे?' हे पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं : हॉटेलांवर हल्ला करणारे वेगळे होते आणि सीएसटी-कामा परिसरातलं काम वेगळ्या लोकांचं होतं. त्या गोंधळाचा फायदा घेऊन करकरेंना संपवलं गेलं. पुराव्यादाखल मनगटावरचा धागा, हल्लेखोर मराठीत बोलल्याच्या सुरुवातीच्या बातम्या वगैरे गोष्टी सांगितल्या जातात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही हा वाद पुन्हा उकरून काढला गेला.

वेळेचा योगायोग पाहता संशय येणं स्वाभाविक आहे, हे आधी मान्य करू या. पण संशय आला म्हणजे पुरावा मिळाला असं होत नाही. तिथून काम सुरू होतं.

धागा काय सांगतो, काय सांगत नाही

धागा खोटा नाही, फोटोही खोटा नाही. सेबॅस्टियन डिसूझा या छायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून सीएसटीवर फोटो काढले आणि पुढे न्यायालयात साक्षही दिली.

आता दोन शक्यता समोरासमोर ठेवा. पहिली : हा माणूस भारतातलाच, धागा बांधणारा. दुसरी : हा बाहेरून आलाय आणि इथलाच वाटावा म्हणून धागा बांधलाय. नीट बघा, धागा दोन्ही शक्यतांमध्ये बसतो. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच बसतो, तो निकाल लावू शकत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढची पाच वर्षं उपयोगी पडेल.

मग निकाल लावायला दुसरं काय आहे? हल्लेखोरांकडे हैदराबादच्या एका कॉलेजची बनावट ओळखपत्रं होती, त्यांवर हिंदू नावं होती. कसाबच्या कार्डावर नाव होतं समीर चौधरी. त्याच रात्री 'डेक्कन मुजाहिदीन' या नावाने माध्यमांना ई-मेल गेला, म्हणजे हल्ला देशातल्याच गटाने केला असं भासवणारा. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली, की असे धागे त्यानेच सिद्धिविनायक मंदिराजवळून विकत घेऊन पाकिस्तानात नेले होते.

हेडली काही धुतल्या तांदळासारखा माणूस नाही. शिक्षा कमी व्हावी म्हणून सौदा केलेला, आयुष्यभर दोन-तीन बाजूंना खेळवलेला इसम. त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी काहीच मानणार नाही. पण धागा, ओळखपत्र आणि ई-मेल या तीन गोष्टी वेगवेगळ्या मार्गांनी येऊन एकाच दिशेला बोट दाखवतात : ओळख लपवायची होती.

आणि इथेच अंगावर काटा येतो. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी हातांनी धरून गोळ्या झेलल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. तो मेला असता तर आपल्याकडे उरलं असतं काय? धागा बांधलेलं एक प्रेत आणि खिशात 'समीर चौधरी'. ज्यांनी हल्ला आखला त्यांना आपण जे मानावं असं वाटत होतं, तेच आज आपण 'लपवलेलं सत्य' म्हणून फॉरवर्ड करतो.

साखळी सलग आहे का?

'सीएसटी-कामाचे हल्लेखोर वेगळे होते' हा दावा तपासायची पद्धत सोपी आहे. त्या दोघांचा प्रवास एका रेषेवर मांडा आणि रेष कुठे तुटते ते शोधा.

सीएसटी : फोटो, सीसीटीव्ही आणि जखमी प्रवाशांच्या साक्षी. यात पायाला गोळी लागलेली नऊ वर्षांची मुलगीही होती, जिने न्यायालयात कसाबला ओळखलं. मग कामा रुग्णालय : तिथल्या कर्मचाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या साक्षी. मग रंगभवनजवळची गल्ली. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच क्वालिसमध्ये होते, त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या गाडीच्या मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांसोबत जखमी अवस्थेत पडलेले अरुण जाधव वाचले. हल्लेखोरांनी तीच गाडी पळवली, म्हणजे जाधव त्यांच्यासोबतच त्या गाडीत होते! पुढे मेट्रोजवळ गोळीबार, टायर बसल्यावर स्कोडा पळवणं आणि गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. तिथे अबू इस्माईल मारला गेला, कसाब पकडला गेला.

रेष कुठे तुटली? 'दुसरी टोळी' या गल्लीत आली कधी आणि गेली कुठे? शिवाय हे तीन अधिकारी एका गाडीत बसून त्या गल्लीतून जाणार हे कुणालाच आधी माहीत असणं शक्य नव्हतं. ते कामाच्या परिसरात भेटले आणि तो निर्णय जागेवर झाला.

मराठी बोलल्याच्या बातम्यांचं काय? पहिल्या चोवीस तासांच्या बातम्या जपून वापरायच्या असतात. अफवा, भीती आणि ऐकीव माहिती त्यांत मिसळलेली असते. लोकांना त्या वेळी काय वाटत होतं याचं ते उत्तम साधन आहे, पण काय घडलं याचं शेवटचं उत्तर त्यात नसतं.

ज्याला कबूल करायचं नाही, त्याची कबुली

आपले पोलीस म्हणतात म्हणून मानू नका, ठीक. मग ज्यांना हे नाकारण्यातच फायदा होता त्यांच्याकडे बघा.

डिसेंबर २००८ मध्ये पाकिस्तानच्याच 'डॉन' या वृत्तपत्राने फरीदकोट गावातल्या कसाबच्या वडिलांपर्यंत पोचून बातमी दिली. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी कसाब पाकिस्तानी असल्याचं मान्य केलं आणि लगेच त्यांचं पद गेलं. फेब्रुवारीत गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचं जाहीरपणे सांगितलं. पुढे अमेरिकेत हेडलीवर खटला चालला आणि २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. हल्ल्यात अमेरिकन नागरिकही मारले गेले होते.

आता कट-सिद्धान्त टिकवायचा तर या सगळ्यांना त्यात सामील करावं लागतं : मुंबई पोलीस, भारताची तिन्ही पायऱ्यांवरची न्यायालयं, अमेरिकेचा तपास आणि वर पाकिस्तानचं सरकार. प्रत्येक नव्या पुराव्यागणिक कटातली माणसं वाढवावी लागली, की समजा सिद्धान्ताचं दिवाळं निघालंय. अशाच आशयाचं एक पुस्तक २०१० मध्ये आलं होतं. त्याच्या लेखकाने पुढच्याच वर्षी जाहीर माफी मागितली.

मग संशयच घ्यायचा नाही का?

घ्यायचा. जरूर घ्यायचा. पण कसा, त्याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं न्यायालयाचं. याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीयांवर हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा आरोप होता. अबू इस्माईलच्या खिशात तो नकाशा सापडला असं पोलीस म्हणत होते. गोळ्या लागून रक्तबंबाळ झालेल्या माणसाच्या खिशातला कागद इतका स्वच्छ कसा, हा प्रश्न न्यायालयाने विचारला. २०१० मध्ये दोघे सुटले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. ज्या निकालाने कसाबची फाशी कायम केली, त्याच निकालाने पोलिसांचा हा पुरावा नाकारला. संशय एका वस्तूवर होता, त्याला कारण होतं आणि तो त्या वस्तूपुरताच राहिला.

दुसरं उदाहरण विनिता कामटे यांचं. पती कसे गेले, मदत वेळेत का पोचली नाही, हे प्रश्न त्यांनी विचारले. माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या, मिनिट न् मिनिट जुळवलं आणि २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं. कविता करकरे यांनी पतीच्या बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल विचारणा केली, तेव्हा ते गहाळ झाल्याचं बाहेर आलं. राम प्रधान समितीनेही त्या रात्रीच्या पोलीस व्यवस्थेतल्या त्रुटी नोंदवल्या.

फरक लक्षात येतोय का? जॅकेट हरवलं हे खरं आहे. कट-सिद्धान्त म्हणतो : "म्हणजे कुणीतरी मुद्दाम लपवलं!" आणि तिथेच थांबतो. अभ्यासक विचारतो : वस्तू कुणाच्या ताब्यात होती, नोंद कुठे आहे, जबाबदारी कुणाची? मला राग येतो तो यासाठी. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. मदत उशिरा पोचणं, साधनं अपुरी असणं, पूर्वसूचनांवर काम न होणं या गोष्टींचा जाब विचारायला हवा होता. 'सगळं आधीच ठरलेलं होतं' असं म्हटलं की निष्काळजीपणाचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात दावा. दुसऱ्यात : हा दावा खरा असेल तर आणखी काय काय सापडायला हवं? तिसऱ्यात : काय सापडलं तर मी माझं मत बदलेन? तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो विषय संशोधनाला घेऊ नका. गाईडसमोर पहिल्याच बैठकीत पंचाईत होईल.

ज्युनियरला मी हाच कागद दिला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तिसरा रकाना अजून कोराच होता, पण दुसऱ्यात त्याने लिहिलं होतं : 'नियंत्रण कक्षाच्या नोंदी'. "दादा, त्या मागवता येतात का हो?"

येतात. माहिती अधिकाराचा अर्ज संशोधनासाठी कसा लिहायचा, ते पुढच्या लेखात.